तांड्याची वाट आणि तलावाची पाळ

हावड्याकडून नागपूरला येणारी गाडी तुमसर सोडते. दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या सरकत राहतात आणि थोड्याच वेळात फलाटावर पाटी दिसते : भंडारा रोड. नवखा प्रवासी उतरून भंडारा शोधू लागतो, तेव्हा त्याला कळते की हे गाव भंडारा नव्हे, वरठी. भंडारा इथून दहाएक किलोमीटर पुढे, वैनगंगेच्या काठावर. रूळ ज्या गावापासून लांबून गेले, त्या गावाच्या नावाला 'रोड' जोडायचा आणि स्थानक उभे करायचे, अशी रेल्वेची जुनी रीत. वरठीला तेच नाव मिळाले आणि आजही तिकिटावर तेच छापले जाते.

मोहाडी तालुक्यातले हे गाव आता ओळखले जाते ते स्थानकामुळे आणि पोलादाच्या कारखान्यामुळे. पण 'रोड' हा शब्द या मुलखात रुळांच्या कितीतरी आधीपासून खरा आहे. नागपूरहून निघून भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडायची, पुढे रायपूर, संबळपूर आणि शेवटी महानदीच्या काठचे कटक, अशी एक लांबलचक वाट अठराव्या शतकात वाहत होती. नागपूरकर भोसल्यांचे राज्य वऱ्हाडापासून ओडिशाच्या समुद्रापर्यंत पसरले, तेव्हा ही वाट त्या राज्याचा कणा होती. तिच्यावरून फौजा गेल्या, जगन्नाथाचे यात्रेकरू गेले, मीठ आले, कापड गेले. इतिहासाच्या पुस्तकांत या वाटेवरच्या फौजा भरपूर भेटतात. मीठ आणि कापड मात्र शोधावे लागते.

ते शोधू लागले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. वैनगंगेच्या खोऱ्यात सत्ता तलवारीच्या जोरावर आली असेल, पण ती टिकली तलाव बांधणाऱ्याच्या, माग चालवणाऱ्याच्या आणि बैल हाकणाऱ्याच्या पाठीवर. या माणसांना मोकळीक मिळाली तोवर मुलूख भरला. सत्ताधाऱ्याने स्वतःच दुकान मांडले, तेव्हा तो ओस पडू लागला.

वरठीच्या फलाटावर उभे राहून एक मालगाडी मोजावी. पन्नासच्या वर वाघिणी, प्रत्येकीत साधारण साठ टन माल. आता झां-बाप्तिस्त ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याची सतराव्या शतकातली नोंद घ्यावी. हिंदुस्थानातल्या वाटांवर त्याला दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे भेटले होते आणि प्रत्येक बैलाच्या पाठीवर तीनशे ते साडेतीनशे पौंड ओझे होते. बैलामागे दीडशे किलो धरले, तरी दहा हजार बैलांचा माल दीड हजार टन होतो. म्हणजे आजच्या मालगाडीच्या पंचवीस वाघिणी. रस्ता कोंडून टाकणारा, पुढून जायला दोन-तीन दिवस लागावेत असा तो प्रचंड तांडा आजच्या अर्ध्या मालगाडीएवढे सामान नेत असे. हे गणित त्या काळाला हिणवण्यासाठी नाही. एवढे सामान हलवायला किती जीव राबत होते, ते यातून समजते.

हे जीव बंजाऱ्यांचे. पुरुष, बायका, पोरे, कुत्री, सगळा संसार चालत राहणारा. पावसाळा सरून वाटा वाळल्या की तांडा निघे आणि मृग लागायच्या आत कुठेतरी गवत-पाण्याच्या जागी थांबे. तांड्याचा नायक हा एकाच वेळी व्यापारी, सेनापती आणि न्यायाधीश. बैल चरत चरत जात, म्हणून वाहतूक स्वस्त पडे. घाई कुणालाच नसे. धान्य, डाळ, मीठ हे तांड्यांचे मुख्य सामान. छत्तीसगडचा तांदूळ आणि गहू पश्चिमेकडे यायचा, समुद्राकाठचे मीठ आत शिरायचे. मीठ ही आपल्या काळात विसरून गेलेली गोष्ट आहे. पण जो मुलूख दोन्ही समुद्रांपासून शेकडो मैल आत आहे, तिथे मिठाचा खडा हा परदेशी मालच. भंडाऱ्याच्या आठवडी बाजारात गोंड बाई मोह, डिंक, लाख घेऊन उतरायची आणि बदल्यात मीठ न्यायची. या देवघेवीत नाण्याची गरज पडत नसे.

मोठी फौज हलायची असेल, तर आधी तांडे ठरवावे लागत. दाणागोटा नसेल तर घोडेस्वार चार मुक्कामांत गळून जाणार, हे मोगलांना कळत होते आणि मराठ्यांनाही. म्हणून दोन सैन्ये एकमेकांवर तुटून पडलेली असताना बंजाऱ्याचा तांडा दोघांनाही धान्य विकत असल्याचे दाखले सापडतात.

पण धान्य विकायला आधी ते पिकायला हवे आणि भंडाऱ्याची गोष्ट इथे इतर महाराष्ट्रापासून वेगळी होते. इथले मुख्य पीक धान. रोवणी झाल्यावर धानाच्या पायाशी पाणी उभे लागते. पावसाने शेवटी दगा दिला, हस्त नक्षत्र कोरडे गेले, तर हातातोंडाशी आलेले पीक पोचट राहते. यावर या खोऱ्याने काढलेला तोडगा म्हणजे तलाव. दोन टेकड्यांच्या मधली उताराची जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, जादा पाण्याला सांडवा द्यायचा आणि पाटाने पाणी खालच्या बांध्यांत सोडायचे. लहान तलावाला इथे बोडी म्हणतात. भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे हे नाव पडले ते अशा हजारो पाळींमुळे.

यातले कितीतरी तलाव कोहळी समाजाने बांधले. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी कोहळ्यांना काशीकडून आणून वसवले, अशी परंपरा सांगितली जाते. कोहळी माणूस नुसत्या नजरेने जमिनीचा उतार ओळखतो, असे इंग्रज अधिकाऱ्यांनीही लिहून ठेवले. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगाव बांध हा विशाल तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्या पाळीवर उभे राहिलेल्या माणसाला ही गोष्ट खोटी वाटत नाही. सात टेकड्यांच्या मधली तोंडे नेमकी हेरून बांधलेली ती पाळ म्हणजे कागद-पेन्सिलीशिवाय केलेले अभियांत्रिकीचे काम आहे.

यामागची राजनीती समजून घेण्यासारखी आहे. चांद्याच्या हीरशहा राजाबद्दल सांगतात की, जो जंगल तोडून गाव वसवील त्याला त्या गावाची सनद आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा त्याचा हुकूम होता. इतका सोपा नियम, पण त्यात सगळे आले. राजाला खजिन्यातून दमडी खर्चावी लागली नाही. बांधणाऱ्याला ठाऊक होते की पाळ जितकी पक्की, तितकी आपली जमीन मोठी. आणि तलाव एकट्याच्या पोटापुरता राहत नसे. त्यात ढिवर मासे धरी, शिंगाडा लावी. पाणी उतरले की गाळाच्या ओलीवर गहू-हरभरा निघे, धानाच्या बांधीत कापणीआधीच लाखोरी फेकली जाई. गाव एका पाळीभोवती जगत असे.

देवगडच्या गोंड राजांनी हेच धोरण नागपूरच्या बाजूला चालवले. औरंगजेबाच्या दरबारात जाऊन मुसलमान झालेला बख्त बुलंद हा त्या घराण्यातला सर्वांत कर्तबगार राजा. राजापूर बारसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्यांच्या जागी त्याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. हिंदू असो, मुसलमान असो, हुन्नर असलेला माणूस त्याने मुलखात आणला. पुढे नागपूरचा इंग्रज रेसिडेंट झालेल्या रिचर्ड जेंकिन्सने आपल्या १८२७ च्या अहवालात या राजाच्या काळात शेती, कारागिरी आणि व्यापार वाढल्याचे मोकळेपणाने मान्य केले आहे. तुमसरजवळचा आंबागड किल्ला बख्त बुलंदच्या राजाखान पठाण या सुभेदाराने बांधलेला. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या तटबंदीखालून आजही धानाच्या गाड्या तुमसरच्या बाजाराला जातात.

१७३९ मध्ये राजा चांद सुलतान वारला आणि गादीसाठी भांडण लागले. वलीशहाने सत्ता बळकावली, तेव्हा विधवा राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडातून रघूजी भोसल्याला मदतीला बोलावले. रघूजी आला, जिंकला, मोबदला घेऊन परत गेला आणि काही वर्षांतच राणीच्या मुलांमधल्या भांडणाच्या निमित्ताने नागपुरात कायमचा येऊन बसला. गोंड राजाचे नाव राहिले, कारभार सेनासाहेबसुभा रघूजीच्या हाती आला.

रघूजीची नजर पूर्वेवर होती. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे त्याच्या फौजा बंगालवर जात राहिल्या. भास्करराम कोल्हटकर हा त्याचा सेनापती १७४४ मध्ये बोलणी करायला गेला असता अलीवर्दीखानाच्या छावणीत दगाफटक्याने मारला गेला. १७५१ च्या तहाने ओडिशा भोसल्यांकडे आला आणि चौथाईपोटी वर्षाला १२ लाख रुपये ठरले. मराठी मनाला हा पराक्रम सुखावतो. पण बंगालच्या घराघरांत या स्वाऱ्यांची आठवण वेगळी आहे. तिथे मुलांना झोपवताना 'बर्गी' येतील असे सांगत. बर्गी म्हणजे आपले बारगीर. गंगाराम या बंगाली कवीने त्याच काळात लिहिलेल्या 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात लुटीपुढे पळणाऱ्या माणसांचे वर्णन आहे. कलकत्त्याच्या लोकांनी धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याला 'मराठा खंदक' हेच नाव राहिले. आपल्या मुलखातल्या कोष्ट्याला आसरा देणाऱ्या सत्तेने बंगालच्या विणकरांना देशोधडीला लावले. वैनगंगेच्या काठाचा इतिहास लिहिताना हे पान वगळता येत नाही.

ओडिशा हाती आला आणि भंडाऱ्यावरून जाणारी वाट राज्याच्या आतली वाट झाली. पुरीच्या यात्रेकरूंकडून मिळणारा कर, किनाऱ्यावरचे मीठ, छत्तीसगडचे धान्य, सगळे एका छत्राखाली आले. रघूजीचा मुलगा बिंबाजी १७५८ पासून छत्तीसगडात रतनपूरला राहू लागला. नागपूर आणि रतनपूर यांच्यातला माणसांचा, कागदांचा, पैशांचा राबता वाढला.

या राबत्यात एक अजब अडचण होती. पैसा एका जातीचा नव्हता. भोसल्यांच्या टांकसाळीतला रुपया दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडे, कारण लोकांचा विश्वास त्या छापावर होता. शेजारच्या राज्यांचे रुपयेही बाजारात फिरत. प्रत्येकाचे वजन, कस, वय वेगळे, म्हणून सराफ बट्टा कापून घेई. आणि ओडिशात पोचावे, तर तिथे रोजचा व्यवहार कवड्यांत! चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहण, म्हणजे एका काहणात १२८० कवड्या. इंग्रजांनी ओडिशा घेतल्यावर सरकारी भाव चार काहणांना एक रुपया असा बांधला. म्हणजे एका रुपयाला ५१२० कवड्या. या कवड्या मालदीव बेटांवरून जहाजाने बालासोरच्या बाजूला उतरत. मालदीवच्या समुद्रात गोळा केलेला शिंपला जगन्नाथाच्या दारात भिकाऱ्याच्या हातावर पडत होता. 'जग जवळ आले' हे आपण आज म्हणतो. ते अडीचशे वर्षांपूर्वी बैलाच्या पाठीवरून जवळ येतच होते.

मोठ्या रकमा कवड्यांत किंवा रुपयांतही नेणे धोक्याचे. म्हणून हुंडी. नागपूरच्या सावकाराकडे पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची आणि काशीला, मिर्झापूरला, पुण्याला त्याच्या आडत्याकडून हुंडणावळ वजा जाता रक्कम उचलायची. या धंद्यात गुजराती, मारवाडी होते, तसे गोसावीही होते. भगवी वस्त्रे, मठ, चेल्यांची साखळी आणि हातात हुंडी, हे चित्र आज चमत्कारिक वाटेल. त्या काळी नागपूर दरबार अडचणीत आला की गोसावी सावकारांकडेच कर्ज मागे. चेल्यांचे जाळे देशभर पसरलेले, तीर्थयात्रेमुळे वाटा ठाऊक आणि संन्याशाला लुटायला दरोडेखोरही कचरणार. व्यापाराला लागते ते सारे त्यांच्याकडे होते.

१७७९ साली या वाटेने एक मोठी फौज गेली. नाना फडणविसांनी इंग्रजांविरुद्ध निजाम, हैदर आणि भोसले यांची मोट बांधली होती आणि भोसल्यांच्या वाट्याला बंगालवर चालून जाण्याचे काम आले होते. मुधोजी भोसल्याचा मुलगा चिमणाजी तीस हजारांची फौज घेऊन ऑक्टोबरमध्ये नागपुरातून निघाला आणि मुद्दाम रेंगाळत १७८० च्या मे महिन्यात कटकला पोचला. लढाई झालीच नाही. मुधोजीचे वॉरन हेस्टिंग्जशी आतून बोलणे चालू होते. लाखो रुपये घेऊन ती फौज माघारी आली.

इतिहासकारांच्या लेखी ही फसलेली मोहीम. वैनगंगेच्या खोऱ्याला मात्र तिने एक कायमची देणगी दिली. या स्वारीत गेलेल्या पोवारांना बक्षीस म्हणून वैनगंगेच्या खोऱ्यातल्या पडीक आणि रानाच्या जमिनी मिळाल्या, असे पोवार समाजाच्या इतिहासात आणि जुन्या गॅझेटियरमध्ये सांगितले आहे. रामटेकजवळच्या नगरधनहून पसरलेला हा समाज इथे शेतीत रमला. त्यांनी तलाव बांधले, बांध्या पाडल्या, धानात नाव काढले. तुमसर, मोहाडी, तिरोडा, गोंदिया या पट्ट्यात आजही पोवारी बोली ऐकू येते.

आता गावात शिरू. भोसल्यांच्या कारभारात गावाचे दोन भाग होते : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. काळीवरचा सारा दर वर्षी परगण्याचा कमाविसदार आणि गावचा पाटील यांच्यात ठरे. पीक किती, लागवड किती, कोण पळून गेला, कोण नवा आला, याची नोंद वऱ्हाडपांड्याकडे. विदर्भात हे आडनाव आज सर्रास भेटते, ते एके काळी परगण्याचे दप्तर सांभाळण्याचे काम होते. जो शेती करत नाही, पण कमावतो, त्याच्यावर पांढरीपट्टी : कोष्टी, तेली, कासार, दुकानदार. हा कर इतका रुळला होता की इंग्रजांनी राज्य घेतल्यावरही तो कित्येक दशके तसाच वसूल केला.

याशिवाय वाटेवरची जकात होती. बैल एका परगण्यातून दुसऱ्यात शिरला की नाक्यावर थांबे. जमीनदाराच्या हद्दीतून गेला की त्याचेही काही असे. विधवेने पुन्हा संसार मांडला तर तिच्यावर पाटदाम. मराठी राज्यांच्या करांच्या याद्यांत हा शब्द भेटतो, तेव्हा वाचणारा क्षणभर थबकतो. एका बाईने दुसऱ्यांदा कुंकू लावायचे ठरवले, तर तिच्या त्या निर्णयातही सरकारचा हिस्सा होता.

आणि तरीही कारागिरी फुलली. वरठीच्या तालुक्याचे गाव असलेल्या मोहाडीत चौंडेश्वरीचे देऊळ आहे. चौंडेश्वरी ही कोष्ट्यांची कुलदेवता. जिथे ती आहे, तिथे कधीतरी मागांचा खडखडाट होता, असे समजायला हरकत नाही. जवळच्या आंधळगावात कोशाचे कापड आजही विणले जाते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर कुटुंबे रेशमाच्या अळ्या वाढवत, कोश उतरवत आणि त्याचा सोनेरी-मातकट धागा विणकराकडे जाई. दक्षिणेला वैनगंगेवरचे पवनी हे गाव तलम कापडासाठी नावाजलेले. नागपूर, उमरेड, पवनी या पट्ट्यातली रेशीमकाठी धोतरे पुण्यापर्यंत जात. पेशवाईतल्या पुण्याच्या पंगतीत बसलेल्या कितीतरी ब्राह्मणांच्या अंगावर वैनगंगेकाठच्या कोष्ट्याची मेहनत होती. सूत बहुतेक घराघरांतून यायचे. शेतमजुरी आटोपून दिव्याच्या उजेडात चरखा फिरवणाऱ्या महार, कुणबी बायकांचे ते सूत. धोतराचे नाव झाले, कोष्ट्याचे काही प्रमाणात झाले. सूत कातणारीचे नाव कुठेच नाही.

भंडारा शहराचा माल म्हणजे पितळेची भांडी. 'भाणा' म्हणजे पितळ आणि त्यावरून भंडारा, असे लोक सांगतात. नाव त्याहून जुने दिसते, कारण रतनपूरच्या १११४ सालच्या शिलालेखात 'भाणार' हे स्थान आले आहे. पण व्युत्पत्तीचा वाद बाजूला ठेवला, तरी लोकांनी आपल्या गावाचे नाव आपल्या कारागिरीवरून लावून घेतले, हे मोठे बोलके आहे.

दुसऱ्या रघूजीच्या काळात या सगळ्याला घरघर लागली. १८०३ मध्ये शिंद्यांबरोबर तो इंग्रजांशी लढला आणि हरला. २९ नोव्हेंबरला अडगावच्या मैदानावर फौज मोडली. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने कटक, बालासोर इंग्रजांकडे गेले, वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाकडे. एका फटक्यात पूर्वेचे मीठ, पुरीचा कर आणि पश्चिमेचा कापूस, तिन्ही गेले. भंडाऱ्याची वाट समुद्राला पोचत होती, ती मधेच तुटली.

खर्च मात्र पूर्वीचाच होता. मग रघूजीने जे उपाय केले, त्यांमुळे लोकांनी त्याला 'मोठा बनिया' हे नाव ठेवल्याचे इंग्रजी दप्तरांत नोंदले आहे. सारा चढवला, वसुली कडक केली, शिपायांचे पगार थकवले. मुलखाचा धनीच बाजारात नफा शोधू लागला. राजाशी भावाची घासाघीस कोण करणार? रयतेचा बनिया लुबाडू लागला तर दाद राजाकडे मागता येते. राजाच बनिया झाला, तर दाद मागायला दारच उरत नाही. हीरशहाचा हुकूम आणि रघूजीचे दुकान यांच्यामध्ये या खोऱ्याचा सगळा उदयास्त येतो.

त्यात पेंढारी आले. १८११ च्या नोव्हेंबरात ते खुद्द नागपूरपर्यंत येऊन एक उपनगर जाळून गेले. राजधानीची ही गत, तिथे खेड्यांचे काय? विदर्भातल्या कितीतरी गावांतल्या मातीच्या गढ्या याच काळात उभ्या राहिल्या. पेंढारी आल्याची हाकाटी झाली की बायकापोरांना घेऊन लोक गढीत शिरत आणि वरून गोफणीने, बंदुकीने लढत. बाहेरचे पीक, गुरे, घर यांची आशा सोडलेलीच असे. आज या गढ्यांकडे पाहून लोक पूर्वजांच्या वैभवाच्या गोष्टी सांगतात. खरे तर त्या भीतीने बांधलेल्या आहेत.

१८१७ च्या नोव्हेंबरात इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली, राजे अप्पासाहेब भोसले पुढे परागंदा झाले आणि अल्पवयीन तिसऱ्या रघूजीच्या नावाने जेंकिन्सने कारभार चालवला. १८५३ च्या डिसेंबरात हा रघूजी वारला. पोटी मुलगा नाही, या सबबीवर पुढच्या मार्चमध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. त्याच्या टिपणात इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा उल्लेख उघड उघड आहे. दुकान मांडणारी सत्ता पुन्हा आली होती, या वेळी समुद्रापलीकडून.

१८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. घरच्या चरख्याला गिरणीचे सूत पाहता पाहता भारी पडले. त्यानंतर चार-पाच वर्षांत नागपूरहून राजनांदगावकडे अरुंद रूळ आले. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ते रुंद केले आणि पुढे हावड्याशी जोडले. तांडे थांबले. पिढ्यान्‌पिढ्या बैलांमागे चालणारे बंजारे शेतमजुरीला, खाणीला, रस्त्याच्या कामाला लागले. आणि ज्या वरठीत कुणी मुक्काम करेलच असे नव्हते, तिथे भंडाऱ्याचे सगळे पितळ, तांदूळ, तेंदूपत्ता आणि माणसे चढू-उतरू लागली. एके काळी चांदा-भंडाऱ्याच्या रानात कोळशाच्या लहान भट्ट्यांतून लोखंड गाळले जात होते. आता वरठीच्या कारखान्यात पोलाद बनते आणि ते घेऊन मालगाड्या त्याच पूर्व-पश्चिम वाटेने जातात.

तलावांचे मात्र वाईट झाले. इंग्रजांनी पाटलाला मालगुजार म्हणून जमिनीचा मालक केले, म्हणून तलावांना मालगुजारी तलाव हे नाव पडले. 'माजी मालगुजारी'वरून आता लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. १९५१ मध्ये मालगुजारी रद्द झाली. जमीनदारी जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर पाळीची माती दर उन्हाळ्यात दुरुस्त करण्याची गावाची जबाबदारीही ढिली झाली. तलाव सरकारचे झाले, गाळ कुणाचाच राहिला नाही. गेल्या काही वर्षांत भंडारा-गोंदियातल्या ढिवर बायकांनी आणि गावसमित्यांनी काही तलावांत पुन्हा देशी वनस्पती लावल्या, मासे परत आणले. हे काम लहान आहे, पण हीरशहाच्या हुकुमाचा अर्थ कळलेल्या माणसांचे आहे.

या सगळ्या इतिहासाचा बराच भाग आपल्याला ठाऊक आहे तो जेंकिन्ससारख्या परक्याच्या अहवालातून, किंवा मोहिमांची वर्णने करणाऱ्या नागपूरकर भोसल्यांच्या बखरीतून. कोष्ट्याचा हिशेब, पाटलाची कौलाची चिठ्ठी, सावकाराची वही, पाटाच्या पाण्याच्या पाळ्यांची यादी, हे कागद घरोघरच्या माळ्यांवर, लाल रुमालात बांधलेले आहेत. लिपी मोडी, म्हणून वाचता येत नाहीत. वाचता येत नाहीत, म्हणून वाडा पाडताना ते चुलीत जातात किंवा रद्दीत. वरठी, मोहाडी, पवनी, तुमसर, भंडारा इथल्या ज्या वाचकाच्या घरी असे एखादे बोचके असेल, त्याने ते जाळण्याआधी मोडी वाचणाऱ्या एखाद्या माणसाला एकदा दाखवावे. नागपुरात आणि पुण्यात असे वाचक आहेत, मोडीचे वर्गही चालतात. त्या बोचक्यात कदाचित सूत कातणाऱ्या एखाद्या बाईचे नाव असेल.